हो म्हणणाऱ्यांची खुर्ची

मी एक खुर्ची. नमुन्याची, म्हणजे माझ्यासारख्या चारशे जन्माला याव्यात म्हणून आधी घडवलेली. मिस्त्रींनी माझी पाठ सात वेळा तासली, दर वेळी स्वतः टेकून बघितलं आणि सातव्यांदा "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे खूपच झालं.

कारखान्यात महिनाभर काम नव्हतं. चारशे खुर्च्यांचं हे काम हुकलं, तर कुलूप लागणार होतं. परदेशातून एक खरेदीदार बाई येणार होत्या. मालकीणबाईंचा भाचा त्यांची भाषा शिकलेला, शिवाय परदेशी गिऱ्हाइकांशी कसं बोलावं याचं दोन दिवसांचं शिबिर करून आलेला. तो म्हणाला, "मावशी, त्या लोकांना 'नाही' ऐकवत नाही. आपण सगळ्याला हो म्हणायचं."

बाई आल्या. माझ्यावर बसल्या, पाठ टेकली आणि क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, जमलं!

"दोन महिन्यांत चारशे होतील?"

"हो," भाचा म्हणाला.

"एका महिन्यात?"

"हो, हो."

"पंधरा दिवसांत?"

"का नाही!"

बाईंनी वही मिटली. इकडची माणसं कशालाही हो म्हणतात, विश्वास ठेवू नका, असं त्यांनाही कुणीतरी पढवून पाठवलं होतं. हे पुढे त्यांनीच हसत सांगितलं.

दाराशी उभ्या मिस्त्रींनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"पंधरा दिवसांत होईल का म्हणून."

"छे!" मिस्त्रींची मान जोरजोरात हलली. "लाकूड वाळायलाच तीन आठवडे. अडीच महिने लागतील. घाई केली तर पाय डुगडुगतील."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

भाच्याला घाम फुटला. "ते म्हणतात... हो."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि मिस्त्रींकडे बोट दाखवलं. "यांनाच विचारा, किती दिवस." अडीच महिने ठरले. मालकीणबाई पाठ फिरवून डोळे पुसत होत्या.

भाच्यानं मात्र नवाच धडा घेतला. "मावशी, परदेशी लोकांना 'नाही'च आवडतं!"

पुढचे खरेदीदार भलत्याच देशातले, वयस्कर गृहस्थ. गुडघे दुखत असावेत. माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "बसू का?"

भाचा ठामपणे म्हणाला, "नाही."

ते नम्रपणे मान लववून निघून गेले.

आता माझा रंग उडालाय, एक हात झिजलाय. तरी या. आधी टेका, मग बोलू. आणि समोर भाचा असेल, तर मिस्त्रींना हाक मारा.