खांबावरचा माणूस तारा झाला नाही

शाळेच्या मुलांना तारांगणात आकाश समजावून सांगायचं, हे तिचं काम. नवरा वीज कंपनीत वायरमन. मागच्या आठवड्यात लाइन बंद केल्याचा निरोप आला म्हणून तो खांबावर चढला, आणि तो वर असतानाच कुणीतरी ती चालू केली. तो जागच्या जागी गेला.

आज संध्याकाळी त्याचे साहेब फळांची टोपली घेऊन भेटायला आले. नणंदेने चहा दिला. साहेबांनी दोन घोट घेतले, घसा खाकरला आणि खिडकीशी उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला जवळ बोलावलं. घरात तिला सगळे खारूताई म्हणत.

"बाळ, बाबा कुठे गेले ठाऊक आहे? तारा झाले. तो बघ, सगळ्यांत तेजस्वी. तो तुझा बाबा."

"तो शुक्र आहे," तिची आई म्हणाली.

"म्हणजे?"

"ग्रह आहे. सूर्याच्या उसन्या उजेडावर चमकतो."

"वहिनी, पुरे," नणंद पुटपुटली. "पोरीची समजूत घालताहेत ते."

पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तारा कसा मरतो, सांगू साहेब? रोज सांगते, तोंडपाठ आहे मला. वायूचा प्रचंड ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो, पोटात इतका तापतो की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. तारा जन्मला. मग वजन त्याला आत दाबतं, आतली ऊर्जा बाहेर रेटते, आणि या ओढाताणीत तो कोट्यवधी वर्षं टिकतो. आपल्या सूर्याचं निम्मं आयुष्य अजून बाकी आहे. इंधन संपत आलं की तो फुगेल, लाल होईल, वरची सालं उडून जातील आणि मधला गोळा निवत पडेल. त्याच्याहून खूप मोठे असतात ते उधळे. भराभर जळतात, पोटात लोखंड साठलं की कोसळतात आणि फुटतात. पण मरतात ते आपलं इंधन संपल्यावर. यांचं काय संपलं होतं? सकाळी दोनदा चहा मागून घेतला, माझ्याशी भांडले, शिट्टी वाजवत जिना उतरले. ताऱ्याला मारायला कुणी बटण दाबत नाही, साहेब. इथे दाबलं. कुणी?"

"चौकशी चालू आहे, वहिनी."

"तुमच्याकडे सगळं चालूच असतं. लाइनसुद्धा चालूच होती."

साहेब उठले. चहा तसाच राहिला. ते जिन्यावर पोचतात न पोचतात तोच नणंद टोपली उचलून धावली. जन्मात कुणाला उलट न बोललेली ती बाई कठड्यावरून ओरडली, "फळं घेऊन जा! आणि माझ्या भावाला कुणी मारलं, त्याचं नाव घेऊनच परत या!" दोन संत्री पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेली.

आत खारूताईने विचारलं, "मग बाबा कुठाय?"

"कुठेच नाही गं राणी."

"खोटं! तू खोटारडी आहेस!" पोरगी दोन्ही मुठींनी तिला मारू लागली. तिने हात धरले नाहीत. मारू दे, पोरीलाही राग कुणावर तरी काढायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून नणंद-भावजय कंपनीच्या दारात जाऊन बसू लागल्या. पहारेकऱ्याने हाकललं, पुन्हा बसल्या. हळूहळू बाकीचे वायरमनही शेजारी येऊन बसायला लागले. शेवटी सबस्टेशनवरचा ऑपरेटरच खाली मान घालून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मी दाबलं बटण, ताई. वर माणूस आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तक्रारी येताहेत, लाइन ताबडतोब सुरू कर, असा साहेबांचा फोन आला होता."

तिने त्याला ते सगळ्यांसमोर मोठ्याने परत सांगायला लावलं. त्याने सांगितलं.

साहेबांची बदली झाली. बदली! दुसऱ्या ऑफिसात, तसल्याच खुर्चीवर. लोक तिला म्हणाले, झालं ना मनासारखं, आता शांत हो. ती त्यांना म्हणाली, "शांत व्हायला मी काय मेलेय?" आणि वकिलाकडे जायला निघाली. नणंद आधीच चपला घालून दारात उभी होती.