बावन्न वजा सत्तावीस

नागसेन नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवीत असे आणि विष्णुपुरीच्या अलीकडे भाड्याच्या खोलीत एकटा राहत असे. बायको, मनिषा, वारल्यापासून तिसरीतली लेक, श्रावस्ती, औशाला त्याच्या आईकडे होती. बापलेकीत बोलण्याजोगे फारसे काही नव्हते. जेवलीस का, हाव; शाळेत गेलीस का, हाव; एवढ्यावर फोन संपे. मग त्याला वजाबाकी सापडली. रोज संध्याकाळी तो एक उदाहरण घाली, ती चुके, तो पुन्हा समजावी. ती चुकली की फोन लांबतो हे त्याच्या ध्यानात आले होते आणि त्यात त्याला सुख वाटत होते, हेही.

अशात वर्गशिक्षिका महानंदा मॅडमचा निरोप आला: ‘मुलगी गोंधळते. घरचे गणित बंद करावे. शनिवारी पालकमेळाव्याला यावे.’

विद्वत्तेचा अपमान झाला म्हणून आपण रजा टाकली, असे त्याने सहकाऱ्यांना सांगितले. संध्याकाळचा फोन वाचवायला तो निघाला होता.

मेळाव्याचे नाव ‘घर-शाळा गणितमैत्री’. मैत्री अशी की, फलक पालकांहून रुंद होता आणि पाहुणे साहेब वेळेहून उशिरा आले होते. आयांना तिसरीच्या बाकांवर कोंबून त्यांच्या हातांत रंगीत काड्यांचे गठ्ठे देण्यात आले, छायाचित्र निघाले, आणि गठ्ठे ताबडतोब पिशवीत परत गेले, कारण दुपारी पुढच्या शाळेत मैत्री व्हायची होती. मग साहेबांनी आईबापांच्या अज्ञानावर व्याख्यान दिले. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. या राज्यात अडाणी ठरवले जाण्याचीही एक शिस्त आहे आणि ती लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

साहेब गेल्यावर मॅडमनी श्रावस्तीला फळ्यापाशी बोलावले. “बावन्नातून सत्तावीस वजा कर.”

तिने पंधरा लिहिले.

“बघा,” मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, “रोज दहा कमी येतात. घरी शिकवतं कोण हिला?”

“कोण म्हंजे?” मागून आजीच्या गल्लीतल्या भामाबाई कडाडल्या. “तिचा बाप इंजनेरीच्या पोरायला शिकवून राहिला!”

“मग पूल पडतील की वो, मावशी!” शेजारची उमाबाई म्हणाली. वर्ग हसला. नागसेनचे कान तापले. तोंडावर आलेले उत्तर त्याने गिळले, कारण एव्हाना त्याची नजर फळ्यावर खिळली होती. वरच्या पाचाचे तिने चार केले होते. खालच्या दोनाचे तीन केले होते.

तो फळ्यापाशी गेला. “दोनातून सात जात नाहीत. मग काय केलंस?”

“वरचा एक दशक सोडला. बारातून सात गेले, पाच राहिले.”

“आणि खाली एक का वाढवला?”

“तुम्हीच सांगितलं ना पप्पा. वर दहा घेतले की खाली एक वाढवायचा.” तिने खडूने दाखवले. “वरचं मॅडमचं, खालचं तुमचं. आज्जी म्हणली, दोघायचं ऐकायचं.”

शाळेतल्या रीतीत वरचा आकडा एकाने उतरतो. नागसेनला त्याच्या गुरुजींनी शिकवलेल्या जुन्या रीतीत खालचा एकाने चढतो. दोन्ही निर्दोष. मुलीने एकाच उदाहरणात दोन्ही पाळल्या होत्या आणि त्या आज्ञाधारकपणाला बाई मंदपणा म्हणत होत्या, बाप शाळेचा नाकर्तेपणा म्हणत होता. घर आणि शाळा या दोन विद्वान संस्थांपैकी कोणीही तिला ‘असे का केलेस’ एवढे विचारले नव्हते.

“मी कधी विचारलंच नाही, सर,” महानंदा मॅडम हळू म्हणाल्या.

“मीही नाही, मॅडम.”

“एकच रीत ठेवू. कोणती, ते तिला ठरवू द्या.”

नागसेनने मान डोलावली. आपण हे औदार्याने करतो आहोत असे त्याला वाटले. आपलीच रीत निवडली जाणार, असे मनातून वाटल्यामुळे ते सोपेही होते.

श्रावस्तीने दोघांकडे पाहिले. “मॅडमची.”

“का गं?” भामाबाईंनी विचारले.

“त्या रोज इथंच असत्यात.”

त्यात तक्रार नव्हती, म्हणून तर ते ऐकवेना. त्याने सर्वांदेखत कबूल केले की यापुढे आपण उदाहरण घालू, रीत सांगणार नाही. दुपारच्या बसने तो नांदेडला परतला.

पुढच्या आठवड्यात तिची सगळी उदाहरणे बरोबर येऊ लागली. मॅडमनी अभिनंदनाचा निरोप पाठवला आणि तो मनापासून होता. संध्याकाळचा फोन आता उत्तराशी येऊन थांबे. “पंचवीस. ठेवू, पप्पा?”

शनिवारी त्याने पाचशे वजा एकशे अडुसष्ट घातले. मधल्या शून्याशी मुले अडतात, हे जाणूनच घातले. पलीकडे पाटीवर पेन्सिल चालली, मग थांबली. तो कान लावून बसला.

“पप्पा, इथं दशकच न्हाई. मग काय सोडू?”

एक वाक्य पुरे होते. त्याच्या रीतीने तर शून्याची अडचणच नव्हती. पण शब्द दिला होता.

“तुला काय वाटतं?” त्याने विचारले.

ती विचार करीत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे आजी भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. इतका वेळ ती दोघे फोनवर कित्येक दिवसांत राहिली नव्हती.

“कळंना,” श्रावस्ती म्हणाली. “सोमवारी मॅडमला विचारते.” आणि तिने फोन ठेवला.