मृदंगाची सीट

या, पुढं सरका. मागच्यांनीही या, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. ते मोबाइल खिशात घाला. एका मोटारसायकलची गोष्ट सांगतो, आपल्याच भागातली, हिंगोलीकडच्या गोरेगावची. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. ज्यानं जन्मभर कीर्तनं ऐकली त्याला कीर्तनातलंच काही खुपलं, की ते फार खोल खुपतं.

संतराम मृदंगवाले तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतील. सेनगाव असो, कळमनुरी असो, नाहीतर पार वसमत, सप्ताहात मृदंगाला संतराम आहेत म्हटलं की माणसं ताटावरून उठून मंडपाकडे निघत. त्यांचा डावा हात घुमायला लागला की ऐकणाऱ्याच्या पोटात थरथर व्हायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. देवानं दिलेला हात तो.

गाडीही तशीच नावाजलेली. गावात सगळ्यांकडे दुधाचे कॅन अडकवायच्या साध्या गाड्या असताना संतरामांनी लांब पल्ल्याची टूरिंगची मोटारसायकल आणली होती. गडद लाल. पुढं वारा अडवायला काच, शर्यतीच्या गाडीसारखी फुगीर टाकी. ती ते स्वतः धुवायचे, पोराला हात लावू द्यायचे नाहीत. दसऱ्याला पहिला हार तिला, मग ट्रॅक्टरला.

या गाडीची मागची सीट पुढच्या सीटपासून तुटक, उंच आणि अरुंद होती. तिच्यावर मृदंग बसायचा. खाली घोंगडीची घडी, वर गवसणी घातलेला मृदंग, त्यावरून आवळलेले दोन पट्टे. जीपमध्ये न्यावा तर लोक त्याच्यावर पिशव्या टाकतात, कुणाचा पाय लागतो. म्हणून ती सीट मृदंगाची. इथवर ठीक होतं. पण पुढं पुढं मृदंग घरात असला तरी सीट त्याचीच राहिली. "ते आसन हाय," संतराम म्हणायचे. "आसनावर मानूस बसत न्हाई." मग लोकही येता-जाता सीटला हात लावून तो कपाळाला लावू लागले.

आणि संतरामांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, त्या गाडीवर एकदाही बूड टेकवलं नव्हतं. माहेरी जायचं, एसटी. दवाखान्यात जायचं, जीप. नवऱ्याचाच मृदंग ऐकायला कीर्तनाला जायचं, तरी जीप.

एका मार्गशीर्षात त्या अंगात ताप घेऊन सेनगावहून औषध आणायला गेल्या होत्या. परतताना फाट्यावर जीप मिळेना. उभं राहवेना म्हणून दगडावर टेकल्या. तेवढ्यात लाल गाडी आली, मागं मृदंग. संतराम थांबले. "लई ताप हाय का?" म्हणाले. "जीप येईलच आता," म्हणाले. आणि गेले.

घरात झालेली चूक घरातच राहिली असती तर मी आज हे सांगायला बसलो नसतो. पण संतरामांनी ती एका मोठ्या कीर्तनकार महाराजांना सांगितली, तीही कौतुकानं! महाराजांना दृष्टांत मिळाला. गोरेगावच्याच मंडपात त्यांनी तो फुलवून सांगितला. "निष्ठा कशी असावी? या आमच्या मृदंगाचार्यांसारखी! बायको तापानं फणफणलेली, फाट्यावर उभी, हात जोडून उभी! पण यांनी आसन मोडलं नाही!" आणि लगेच गजर. मंडप हसला, टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला मंजुळाबाई बसल्या होत्या. शेजारणीनं कोपर मारलं, "अगं, तुझंच सांगून राहिले की!" मंजुळाबाईंनी पदर पुढं ओढला आणि खाली बघत बसल्या.

अहो, ही काय निष्ठा? कीर्तनाला माणूस जातो तो जरा मऊ होऊन घरी परतावा म्हणून. आणि इथं आजारी बाईला रस्त्यात टाकून गेलेल्याच्या गळ्यात हार! मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. दर कीर्तनाआधी ती कणीक मळून, ओल्या फडक्यात बांधून कोण देत होतं? मंजुळाबाईच. हे महाराजांना दिसलं नाही. दृष्टांत मात्र गावोगाव फिरला. दुसऱ्या बुवांनीही उचलला. एका गावच्या कीर्तनात मंजुळाबाई पावसात उभ्या होत्या, दुसऱ्या गावच्या कीर्तनात पोटुशी होत्या. ऐकणारे तेवढेच हसायचे.

पुढं गाडी म्हातारी झाली. हिंगोलीचे मिस्त्री हिरासिंग यांनी हात पुसत संतरामांना सांगून टाकलं, "महाराज, हिचे पार्ट यायचे बंद झाले. मागच्या बारीला दुसऱ्या गाडीचा तासून बसवला. आता ब्रेकचं काम निघालं. तिथं मी तासातासी करनार न्हाई. बदला हिला."

संतराम भडकले. "तुझ्या हातात कसब राह्यलं न्हाई म्हन की! गाडीला काहून नाव ठेवतो?" दुसरा मिस्त्री बघितला, तोही तेच म्हणाला. जेवणावर राग काढून झाला, स्वप्निलवर काढून झाला. स्वप्निल म्हणजे त्यांचा मुलगा, वसमतकडे कारखान्यात नोकरीला. त्यानंच शेवटी बापाला हिंगोलीच्या शोरूमला जायला तयार केलं. संतराम लाल गाडीवर निघाले, मागं मृदंग, कारण नवी सीट मृदंगाला बसते का ते बघायचं होतं. मंजुळाबाई आणि स्वप्निल जीपनं. नव्या गाडीची पूजा घरच्या बाईनं करायची, म्हणून मंजुळाबाईंच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट.

शोरूममध्ये सपना नावाची मुलगी गाड्या दाखवत होती. एक रुंद, बुटक्या सीटची गाडी दाखवून म्हणाली, "काका, ही घ्या. मागं काकूंना आरामात बसता येईल."

"काकू बसत न्हाई," संतराम म्हणाले आणि थेट दुसऱ्या गाडीकडे गेले. टूरिंगचीच, जुनीसारखीच, मागची सीट उंच आणि अरुंद. त्यांनी मृदंग उचलून तिच्यावर ठेवला, दोन पावलं मागं सरून बघितला. "बराबर! हीच." मग खुशीत येऊन सपनाला म्हणाले, "बाई, ह्या आसनाची कथा कीर्तनात सांगतात, म्हाईत हाय का?" आणि सगळी कथा सांगितली. फाटा, ताप, हात जोडलेली बायको.

सपना हसली नाही. तिनं मंजुळाबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "मग काकू घरी कशा आल्या?"

"आली की. जीपनं..." संतराम मंजुळाबाईंकडे वळले. "कशी आल्ती गं तू?"

"हळदीच्या टेम्पोत," मंजुळाबाई म्हणाल्या. "पोत्यांवर बसून."

"मला सांगितलं न्हाई कधी."

"तुमी इचारलं कधी?" ताट त्यांनी काउंटरवर आदळलं. कुंकू सांडलं. "मुलूखभर कथा सांगत फिरले. ह्या पोरीची न् माझी वळख न्हाई, पाळख न्हाई, तिनं इचारलं!"

"मंजुळे, लोक बघून राहिले."

"बघू द्या! मंडपात बघत होते तवा ग्वाड वाटलं तुमाला."

"अगं, देवाचं वाद्य हाय ते—"

"म्या न्हाई म्हनते का? कनीक कोन मळतं त्याची? देवाला माझा ताप दिसला असता. तुमाला दिसला न्हाई."

"माय, घरी जाऊन बोलू," स्वप्निल म्हणाला.

"तू गप! तूबी टाळ्या वाजवल्या व्हत्या."

मंजुळाबाई तरातरा बाहेर गेल्या. लाल गाडी उन्हात उभी होती. पायटेकणीवर पाय देऊन त्या वर चढल्या आणि मागच्या सीटवर बसल्या.

"चला. मृदंग स्वप्निलच्या मांडीवर येईल, जीपमधून."

"उतर खाली."

"न्हाई उतरत."

"ते आसन हाय!"

"म्हनून तर बसले."

समोरचा चहावाला ओरडला, "न्या की महाराज, मृदंगावानी फुगलेल्या तर हायेत!" लोक हसले. संतराम लालबुंद झाले आणि गाडीवर बसून त्यांनी ती अशी दामटली, की चहावाला बाजूला झाला.

गाडी सेनगावच्या रस्त्याला लागली. मंजुळाबाईंनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला नाही, मागचा लोखंडी दांडा धरून बसल्या. रस्ता उकरलेला. एका खड्ड्यात त्या हातभर उडाल्या आणि पाठीतून कळ गेली तशा ओरडल्या. संतरामांनी गाडी थांबवली.

"काय झालं? एवढ्यात दमली?"

"ही सीट हाय का फळी? कंबर मोडली माझी."

"सवय न्हाई तुला. आसन चांगलं हाय."

"मंग बसा तुमी मागं. बसून दाखवा."

चिडून, दाखवायलाच म्हणून, संतराम उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसले. स्वतःच्या गाडीवर मागं ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. गुडघे छातीशी आले. खाली टणक, बूड पुढं घसरायला लागलं, धरायला मागच्या दांड्याशिवाय काही नाही. मृदंगाला कंबर नसते, तो कधी काही बोलला नव्हता.

"हितं मानूस बसूच शकत न्हाई," ते हळू म्हणाले.

"मला सांगता?"

"आन ती नवी बघितली, तीबी अशीच हाय." ते उतरले, टाकीवर हात ठेवून उभे राहिले. "न्हाई ठेवायची ही. तू बसून बघ, तुला जमंल ती घेऊ."

"बसून बघीन," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन माझा राग गाडीनं जानार न्हाई. मंडपात सांगितलं ते मंडपात मोडा."

संतरामांनी गाडी वळवली आणि हळू चालवत परत शोरूमला नेली.

रुंद सीटचीच गाडी घेतली. मंजुळाबाई तीनदा बसल्या, मग हो म्हणाल्या. लाल गाडी तिथं सोडताना संतराम लहान लेकरासारखे रडले. त्या रडण्याचं मलाही वाईट वाटतं. वस्तूवर एवढी माया करणारा माणूस वाईट कसा असेल? पण मायेची जागा चुकली की घरच्याच माणसाचे हाल होतात.

पुढच्या सप्ताहात तेच महाराज आले. रंगात आल्यावर त्यांनी तोच दृष्टांत काढला. "आसन मोडलं नाही!" म्हणून गजरासाठी हात वर केला. टाळ वाजायला लागले. मृदंग वाजला नाही. संतरामांनी दोन्ही तळवे मृदंगाच्या तोंडांवर दाबून धरले होते. टाळ एकेक करून थांबले.

"महाराज, फुडचं सांगा," संतराम बसल्या जागेवरून म्हणाले. "ती घरी कशी आली ते सांगा."

महाराज गोंधळले. "ते... काय आहे..."

"हळदीच्या पोत्यांवर बसून आली. तापात. आन म्या इचारलंबी न्हाई. ह्याच्यात निष्ठा काय हाय ते मला समजून सांगा, मंग वाजवतो."

महाराजांनी कसाबसा विषय बदलला. जाताना बिदागीचं पाकीट न घेता रागावून गेले आणि त्यानंतर त्यांच्या कीर्तनाला संतरामांना बोलावणं आलं नाही. मृदंग आता जाता-येता मंजुळाबाईंच्या मांडीवर असतो. नवी गाडी संतरामांना अजून आवडलेली नाही, आणि मंजुळाबाई अजून रागावतात, मधूनच, जुनं आठवून. रागावू द्या. तेवढा हक्क आहे त्यांचा.

दृष्टांत मात्र मेलेला नाही, बरं का. कुठल्या तरी मंडपात तुमच्याही कानावर येईल, आणि आजूबाजूचे हसतील. त्या वेळी टाळ्यांना हात उचलण्याआधी, माझ्या मायबापांनो, एवढं करा: मंजुळाबाईंची आठवण काढा.