म्होरकीची घंटी

मी एक जुना कुत्रा आहे. जुना म्हणा, म्हातारा म्हणू नका. ते मला खपत नाही. माझं नाव ढाण्या. माण तालुक्यातल्या तात्याबांची मेंढरं राखण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आणि मित्रांनो, फार झकास गेलं, हे आधीच सांगून टाकतो. मधे थोडं वाईट येईल, तेव्हा उगाच डोळ्यांत पाणी आणू नका.

म्हसवडजवळच्या माळावर माझा जन्म झाला. मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. त्या वाघरीत, कोकरांच्या उबेला मी वाढलो. त्यामुळे मी कोकरूच आहे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पहिल्यांदा भुंकलो तेव्हा माझा मीच दचकलो.

पुढं मात्र नाव काढलं. एकदा लांडगा आला, त्याला मी ओढ्यापर्यंत पिटाळलं. तात्याबा ही गोष्ट येईल त्याला सांगत, आणि दर वेळी तो लांडगा थोडा थोडा मोठा होत जाई. मी कशाला मधे बोलू? तात्याबांची कारभारीण तानुबाई भाकरी भाजायला बसली की पहिला तुकडा माझ्यापुढं पडायचा. म्होरकी मेंढी, म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी, तिच्या गळ्यात पितळी घंटी असायची. ती घंटी वाजली की सगळा कळप तिच्या मागं, आणि कळपाच्या मागं मी. माळ वाळला की आम्ही असेच दरसाल कराडकडं उतरायचो. तिथं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसायची. शेतकऱ्याला खत मिळायचं आणि आम्हाला हिरवा पाला.

मग तळावर राणी आली. एवढंसं पिल्लू होतं, पण अवखळ. माझी शेपटी म्हणजे तिला खेळणंच वाटायचं. तिला सगळं काम मी शिकवलं. मेंढराला चावायचं नाही, फक्त चावेल असं त्याला वाटत राहिलं पाहिजे, ही आमच्या धंद्यातली खरी मेख आहे. पोरगी हुशार, लगेच शिकली.

यंदा पावसाळा सरता सरता म्होरकी म्हातारपणानं गेली. तिची घंटी तात्याबांनी घोड्याच्या खोगिराच्या पिशवीत ठेवून दिली. त्याच सुमाराला माझंही काहीतरी बिघडायला लागलं.

एका सकाळी मी निवांत पडलो होतो. एकाएकी माझ्या अंगावर काहीतरी आलं. मी झटक्यात उठलो आणि चावलो. बघतो तर राणी! बिचारी केकाटत तानुबाईच्या पदराआड गेली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग शेजारच्या तळावरच्या ज्ञानूचा कुत्रा आला, त्यालाही मी फाडलं. आजवर मी लांडग्याखेरीज कुणाच्या वाटेला गेलो नव्हतो. माझं मलाच कळेना.

ज्ञानू तणतणत आला. "तात्याबा, कुत्रं पिसाळलंय तुमचं! आज कुत्र्यास्नी चावतंय, उद्या पोरास्नी चावंल. लांब न्या आन सोडून द्या."

तात्याबांनी मला बाभळीला बांधलं. मित्रांनो, गळ्यात मी कधी दोरी पाहिली नव्हती. कळप समोरून चरायला जायचा आणि मी बाभळीखाली बसून राहायचो. कराडला निघायची वेळ जवळ आली होती. वाटेत गावोगावची कुत्री कळपावर धावून येतात. चावरं कुत्रं घेऊन तिथून जायचं कसं? मला मागंच ठेवायचं, असं ठरत चाललं होतं.

तानुबाईला ते सोसेना. "आवं, ह्यानं आपली मेंढरं राखली, आन आता ह्यालाच टाकून जायाचं व्हय?"

"मग काय करू? तू सांग."

"डाक्टरला दावा की."

तिनं तिच्या परीनं उपाय चालवलाच होता. मी सारखा डावा कान झाडतो, हे तिनं हेरलं होतं. म्हणून बिरोबाचं नाव घेऊन ती रोज माझ्या त्या कानात चिमूटभर भंडारा सोडायची.

मला मुसकं बांधून दोघांनी पिकअपमधून तालुक्याला नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण हात मायेचा. त्यांनी विचारलं, "असं कधीपासून करतोय?"

"झाला की महिना, दीड महिना," तात्याबा म्हणाले.

"मग पिसाळलेला नाही तो. पिसाळला असता तर एवढा जगलाच नसता."

मग त्यांनी कानात चिमटा घातला आणि मी दवाखाना डोक्यावर घेतला! आतून निघाली गवताची कुसळं, लोकर आणि पिवळ्याधमक भंडाऱ्याचा गोळा. त्यांनी डोळ्यांत बॅटरीही मारून पाहिली. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. या कानानंही आता थोडंच ऐकू येईल. मागचे पायही आखडलेत. डावीकडून कोण आलं हे त्याला कळतच नाही. अंगावर आलं की दचकतो, दुखतं, आणि चावतो. समोरून जा, हाक मारून जा. खायला बाकीच्या कुत्र्यांपासून लांब द्या. आणि आजी, भंडारा कपाळाला लावा, कानात नको."

"देवाचा हाय, बाई."

"देवाला कपाळही चालतं की!" तानुबाई हसली, आणि तिथंच माझं कपाळ पिवळं केलं.

माणसं हाक मारतील हो. पण राणीला हाक मारायला कोण शिकवणार? तात्याबा विचार करत बसले. मग उठले, म्होरकीची घंटी पिशवीतून काढली आणि राणीच्या गळ्यात बांधली. "आता ही आली की त्याला कळंल."

ज्ञानू बघायला आलाच होता. "आन तरी चावला तर?"

"तर मागं ठिवतो," तात्याबा म्हणाले.

बाभळीची दोरी सोडली. राणीला डाव्या बाजूनं सोडलं. तेवढ्यात उजव्या कानानं घंटी टिपली. किणकिण, किणकिण. मी मान वळवली. राणी येत होती. भीत भीत, शेपटी पोटाशी घेऊन. मी माझी शेपटी हलवली. मग तिनं जी उडी मारली! माझं नाक चाटून चाटून ओलं केलं.

पण मित्रांनो, घंटी एकट्या मला ओळखीची नव्हती. आमच्या मागं धूळ उठली. म्होरकीची घंटी ऐकून अख्खा कळप चरायचा थांबला होता आणि राणीच्या मागं चालत आला होता! मेंढरं आली ती माझ्याभोवती गोळा झाली. कुणी माझं अंग हुंगलं, एक कोकरू तर माझ्या पाठीवर चढलं.

"आवं, कुत्र्याच्या गळ्यात घंटी बांधली व्हय तुम्ही!" ज्ञानू हसून लोटपोट झाला. "काढा ती!"

"ऱ्हाऊ दे," तात्याबा डोळे पुसत म्हणाले. "आता मी कोण ठरविणार, गड्या? कळपच न्यायला आलाय त्याला."

आता मी कराडजवळच्या रानात पडून हे सांगतो आहे. सगळी वाट मला चालवलं नाही; थकलो की घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसवत. गावातून जाताना मुसकं असायचं, त्याची मला लाज वाटत नाही. तुमच्या घरचं जुनं कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागलं, तर त्याला काठी दाखवू नका. त्याचं काय दुखतंय ते बघा, आणि समोरून, हाक मारत या. आता एवढंच, कारण घंटी वाजते आहे. राणी मला भेटायला निघाली आहे, म्हणजे सगळी मेंढरं आलीच.