गोट्या काढलेली बाटली

मी डेव्हलपरची बाटली बोलतेय. तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची. माझ्यासारख्या बाटल्या तुम्ही औषधांच्या दुकानात पाहिल्या असतील. माझ्यातही औषधच असायचं, पण ते माणसांचं नव्हे, फिल्मचं. त्यात बुडाल्याशिवाय काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चेहरा उमटत नाही.

माझा मालक फोटोग्राफर. पुढे स्टुडिओ, मागे घर आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत मी. या औषधाला हवेचं भारी वावडं. हवा लागली की ते चहासारखं लालसर होतं आणि मरतं. म्हणून औषध जसं संपत जाई, तशा मालक माझ्यात काचेच्या गोट्या सोडायचा. औषध पुन्हा गळ्यापर्यंत यायचं, हवेला जागाच उरायची नाही. तरीही फिल्म धुण्याआधी तो एखाद्या फिल्मचं शेपूट कापून उजेडातच औषधात बुडवायचा. ते काळं झालं की "जिवंत आहेस गं" म्हणत माझ्या झाकणावर टिचकी मारायचा.

त्याच्या आईच्या गालावर लहानपणी भाजल्याचा मोठा व्रण होता. मुलगा फोटोग्राफर, पण आईचा एकही फोटो नाही. त्यानं विषय काढला की ती म्हणायची, "तुझ्या कॅमेऱ्याची काच तडकेल रे." घरातले सगळे हसायचे. तो हसायचा नाही.

एकदा तो कामासाठी परगावी गेला, तेव्हा तिनं ही खोली आवरायला घेतली. कुठल्या पोराचा हा उद्योग, असं पुटपुटत तिनं माझ्यातलं औषध बादलीत ओतलं, गोट्या धुऊन-पुसून वाटीत ठेवल्या, औषध परत भरून झाकण लावलं. किती मायेनं केलं तिनं ते सगळं. मी मात्र अर्धी रिकामी झाले. दिवसागणिक औषध विटत गेलं आणि मला एक शब्द बोलता येईना.

मालक परतला. खोली आवरल्याचं आईनं कौतुकानं सांगितलं आणि मग आपणहून म्हणाली, "काढ बाबा एकदाचा माझा फोटो. बघू तरी कशी दिसते."

केस विंचरून ती खुर्चीत बसली. व्रणाचा गालही लपवला नाही. त्यानं अख्खा रोल तिच्यावर संपवला. तिचं मन फिरायच्या आत फोटो हातात द्यायचा, या घाईत शेपूट कापायचं राहून गेलं. मिणमिणत्या दिव्यात ना औषधाचा रंग त्याला कळला, ना माझ्यात गोट्या नसल्याचं ध्यानात आलं.

फिल्म बाहेर आली ती कोरी.

"आई, औषध मेलं होतं. चूक माझी. उद्या पुन्हा काढू."

तिनं फिल्म उजेडात धरून पाहिली. "तू कशाला अंगावर घेतोस? माझं तोंडच नाही फोटोत यायचं."

मुलगा आपली समजूत घालतोय, असंच तिला वाटलं. नंतर त्याला फळीवर गोट्यांची वाटी दिसली. खोली आवरताना काय घडलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ती गुपचूप खणात सारली. आईच्या हातून झालंय, हे आईला कळू द्यायचं नव्हतं त्याला.

त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधीच बसली नाही. काही वर्षांनी ती गेली. नातेवाइकांनी फोटो मागितला, तेव्हा घराघरांतले फोटो काढणाऱ्या या माणसाला मान खाली घालावी लागली.

आता मी रिकामीच असते. मालक कधीतरी येऊन माझ्यावरची धूळ पुसतो, तेव्हा त्याला सांगावंसं वाटतं. तुझी माया मला कळते रे, पण सांगून टाकायचं होतंस. ती एक दिवस हळहळली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत येऊन बसली असती. तू तिला त्या एका दिवसातून सोडवलंस आणि ती बिचारी शेवटपर्यंत आपल्या चेहऱ्यालाच दोष देत राहिली.