माझा रस आणि पारखी मावशी

मित्रांनो, मी एक जुना ट्यूलिपचा कंद आहे. आम्ही दरसाल नवे होतो, पण खानदान जुनं! दिसतो कांद्यासारखा, हे कबूल. पण कांदा फार तर डोळ्यांत पाणी आणतो, माझा रस माणसाची कातडी सोलतो. बुरशीने मला शिवायचा अवकाश, की तो रस तयार होतो आणि तिला मागे हटवतो. मग गर्व का करू नये?

फुलांच्या मळ्यातल्या शेडमध्ये लांब टेबलावर पारखी मावशी आमची निवड करायच्या. नुसत्या अंगठ्याने दाबून त्या सडका कंद ओळखत, म्हणून हे नाव. हातमोज्यांशी मात्र त्यांचं वाकडं. "मोजे घालून कंद कळत नाही गं बाई!" असं त्या सगळ्यांना ऐकवायच्या.

पुढे त्यांची बोटं सुजली, टोकांना भेगा पडल्या, नातीची वेणी घालताना केस त्यांत अडकू लागले. दोष आला भांड्यांच्या साबणावर. सुनेने भांड्यांना हात लावू दिला नाही, तरी भेगा वाढतच गेल्या. शेवटी मुकादम म्हणाला, "मावशी, कंदांना रक्त लागतंय. पंधरा दिवस घ्या. हात बरे झाले नाहीत तर मग घरीच बसा." मावशींचा चेहरा पडला. वीस वर्षं त्यांनी दुसरं काम केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर हात कशात असतात?" म्हणून मावशी मला पिशवीत घालून त्यांच्याकडे घेऊन गेल्या. बाईंनी तपासायला माझ्या सालीचा तुकडा मावशींच्या पाठीला चिकटवला. दोन दिवसांनी तिथे लालभडक पुरळ उठलं.

बाई म्हणाल्या, "साबणाला उगाच शिव्या दिल्यात. चोर तुमच्या हातातच होता!"

चोर? मला राग आला. पण त्या बोटांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्या रसाची लाज वाटली.

हात बरे झाल्यावर मावशी जाड निळे मोजे घालून परतल्या, कारण पातळ रबरातून माझा रस आत झिरपतो. पहिल्याच दिवशी तीन सडके कंद त्यांच्या हातून निसटले. मुकादमाने ते समोर आणून ठेवले. मावशी मोजे ओढून काढणारच होत्या, पण थांबल्या. एका तळहातावर सडका घेतला, दुसऱ्यावर मला.

"अगं बाई, सडका हलका लागतो की!"

तेव्हापासून त्या दाबत नाहीत, तोलतात. मुकादमाने त्यांची अख्खी पेटी तपासली, एक सडका निघेल तर शपथ.

मित्रांनो, मी माझा रस सोडणार नाही, त्यावरच मी जगतो. तुम्ही मोजे घाला. कुणाची बोटं भेगाळलेली दिसली, तर हात कशात असतात हे आधी विचारा.

काल मावशी टेबलावर सगळ्यांना सांगत होत्या, "आज नातीची वेणी मी घातली. एक केससुद्धा बोटाला अडकला नाही!"