ठकीवर राज्य

स्टोअरकीपर पुठ्ठ्याच्या फळीमागे उकिडवा बसला होता आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ठकी त्याला शोधायला निघाली होती. नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन थरथरला.

"हॅलो," तो कुजबुजला.

"असं काय बोलताय? घसा बसला का?" बायकोचा आवाज आला.

"मीटिंगमध्ये आहे."

हे अगदीच खोटं नव्हतं. मीटिंग होणारच होती, फक्त समोरचा पक्ष अजून पोचला नव्हता.

"ताई विचारतेय, शनिवारी तुमच्या ऑफिसात घरच्यांना बोलावलंय ना? ती आणि भाऊजी पण येतायत. मी सांगून टाकलंय, हे सगळं नीट दाखवतील म्हणून."

"काय दाखवू?"

"काय म्हणजे? तुमचं काम!"

फळीच्या कडेला आधी मिशा दिसल्या, मग गुलाबी नाक. ठकीने त्याच्याकडे पाहिलं आणि टुणकन त्याच्या बुटावर उडी मारली. स्टोअरकीपरने फोन बंद केला आणि, नोकरीत ठरल्याप्रमाणे, तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या.

ठकी ही उंदरीण होती. कागदोपत्री तिला क्रमांक होता, पण क्रमांकाला हाक मारता येत नाही, म्हणून स्टोअरकीपरने तिचं बारसं परस्पर उरकलं होतं. विद्यापीठाच्या प्राणिवर्तन विभागात मॅडमनी हा प्रयोग मांडला होता. उंदीर माणसाबरोबर लपंडाव खेळतो का? तर खेळतो. नुसता खेळत नाही, राज्य कोणावर आहे हे त्याला पक्कं कळतं. सुरुवातीच्या पेटीचं झाकण बंद असलं की उंदरावर राज्य. मग माणसाने लपायचं आणि लपल्या जागेवरून दोरीने झाकण उघडायचं. झाकण उघडं असलं की उंदराने लपायचं आणि माणसाने शोधायचं. राज्य असताना उंदीर बडबड करत हिंडतो, लपताना मात्र चिडीचूप बसतो. त्याची बडबड आणि हसणं आपल्या कानांना ऐकू येणार नाही इतकं बारीक असतं. म्हणून मॅडमनी ते आपल्या आवाक्यात आणणारं यंत्र भिंतीवर लावलं होतं. त्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा चिवचिवाट यायचा.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, या खेळात खाऊ मिळत नाही. शेंगदाणा नाही, चीज नाही, काही नाही. सापडलं की दोन गुदगुल्या, एवढंच. "केवळ मजेसाठी!" मॅडम परदेशी पाहुण्यांना सांगायच्या, तेव्हा त्यांचा चष्मा घसरायचा. केवळ मजेसाठी कोणी काही करतं, ही गोष्ट विद्यापीठात खरोखरच नवीन होती.

या कामावर स्टोअरकीपरची नेमणूक कशी झाली, याचंही उत्तर सोपं होतं. स्टोअरचा कारभार संगणकाने गिळला आणि स्टोअरकीपर तेवढा उरला. त्यातून, मागणीपत्र घेऊन आलेल्या माणसापासून लपण्याचा त्याचा उभ्या हयातीचा सराव होता. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला लपायला सांगितलं आणि मग त्यांनाच तो सापडेना.

त्याच्या नव्या ओळखपत्रावर 'वरिष्ठ सहायक, वर्तन-निरीक्षण' असं छापून आलं. बायकोने ते वाचलं, पदराने पुसलं आणि बहिणीला फोन लावला. बहिणीचा नवरा, म्हणजे स्टोअरकीपरचा साडू, एका कारखान्यात मोठा साहेब होऊन निवृत्त झाला होता. निवृत्त कारखाना झाला होता, साहेब तसाच होता. भेटला की तो पहिला प्रश्न विचारायचा, "सध्या हाताखाली किती जण?" इतकी वर्षं याला उत्तर नव्हतं. या वेळी स्टोअरकीपर म्हणाला, "सहा." विभागात उंदीर सहाच होते.

तेवढ्यावर बायकोची मान अशी काही ताठ झाली, की खरं काय ते सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष लोटलं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात दोघंच होती आणि बोलणंही दोघांपुरतंच होतं: पाणी आलं का, दिवा घालवला का, त्या गोळ्या घेतल्या का. त्यात 'मी आज दोनदा टेबलाखाली लपलो' हे वाक्य कुठे बसवायचं, ते त्याला कळत नव्हतं. आणि आता शनिवार आला होता. ताठ झालेली ती मान बहिणीसमोर खाली जाणार, याचीच त्याला भीती होती. साडू हसला तर हसू दे. साडू हसायलाच जन्माला आला होता.

त्याने मॅडमना गाठलं. "मॅडम, शनिवारी माझ्याऐवजी दुसरं कोणी..."

"अहो काका, ठकी दुसऱ्या कोणाबरोबर खेळते का? परवा मी लपले, तर ती मिशा साफ करत बसली."

"गुडघा दुखतोय."

"कुठला?"

"दोन्ही."

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "निदान लंगडणार तरी नाही तुम्ही."

शनिवारी काचेच्या भिंतीपलीकडे घरची मंडळी दाटीवाटीने उभी होती. बायको ठेवणीतले कपडे घालून पुढच्या रांगेत होती. तिच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला साडू. बायकोने ताईला कोपराने ढोसून स्टोअरकीपरच्या पांढऱ्या कोटाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आणि हे आमचे मुख्य खेळाडू!"

खेळाडू या शब्दावर बायकोचं बोट हवेतच राहिलं.

पहिल्या डावात राज्य ठकीवर होतं. स्टोअरकीपर सगळ्यांच्या देखत रांगत फळीमागे गेला. रांगताना त्याचे गुडघे कडाकडा वाजले आणि ते यंत्रावरही ऐकू आले. पेटी उघडली. ठकी बडबडत निघाली, टेबलाखाली पाहिलं, खोक्यात डोकावली आणि थेट त्याच्या मांडीवर जाऊन धडकली. यंत्रातून चिवचिवाट फुटला. गुदगुल्या करताना स्टोअरकीपरही हसला. ते त्याच्या हातात नव्हतं, रोजच व्हायचं.

"म्हणजे तुम्ही इथे लपंडाव खेळता?" साडू काचेपलीकडून ओरडला. "पगारी?"

गर्दीत हशा पिकला. "आणि ते हाताखालचे सहा जण कुठायत?"

"पाच आत आहेत," स्टोअरकीपर म्हणाला. "त्यांची झोपायची वेळ आहे."

ताईने बहिणीकडे पाहिलं. बायको कोणाकडेच पाहत नव्हती.

दुसऱ्या डावात राज्य स्टोअरकीपरवर आलं. त्याने नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. वळला तेव्हा खोली चिडीचूप. त्याने टेबलाखाली पाहिलं, खोकं उचललं. नाही. काचेपलीकडच्यांना मात्र सगळं दिसत होतं, आणि दिसत असून गप्प बसणं साडूच्या स्वभावात नव्हतं. त्याने काचेवर अंगठीने टकटक केली.

"डावीकडे! अहो, डावीकडचा डबा!"

स्टोअरकीपर घुटमळला. असं ऐकून शोधायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. ठकीने कधी फसवलं नव्हतं. पण गुडघे ठणकत होते, पाठीला सगळ्यांच्या नजरा टोचत होत्या आणि काहीही करून हा डाव एकदाचा संपायला हवा होता. तो सरळ डावीकडे गेला आणि त्याने डबा उचलला.

डबा रिकामा होता. टकटक ऐकताच ठकीने जागा बदलली होती.

गर्दी खो खो हसली. साडू सगळ्यात मोठ्याने. आणि त्या हसण्यावरून एक आवाज चढला.

"भाऊजी, गप्प बसा!"

बायको होती. लग्न झाल्यापासून तिने भाऊजींना 'अजून थोडं वाढू का' याशिवाय वेगळं वाक्य ऐकवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"सांगितलंत ना? म्हणून पळाली ती! राज्य त्यांच्यावर आहे, तुमचं मध्येच काय?"

"अगं, मी आपलं मदत..."

"लपंडावात मदत नसते!" मग ती काचेला नाक लावून नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! तुम्ही ऐकलंत कशाला? ती बिचारी इतकी जीव मुठीत धरून बसलीय, आणि तुम्ही चोरून शोधताय?"

"चुकलं," स्टोअरकीपर म्हणाला. पांढरा कोट घालून, भर खोलीत, मॅडमच्या समोर.

"शोधा आता नीट!"

त्याने नीट शोधलं. पडद्यामागे, कपाटाखाली, कचऱ्याच्या डब्यात. काचेपलीकडे कोणी शिंकलंसुद्धा नाही. साडूने तर हात मागे बांधून घेतले होते. ठकी शेवटी सापडली ती पुठ्ठ्याच्या फळीमागे, मघाशी तो स्वतः बसला होता त्याच जागी, अंग चोरून. त्याला पाहताच तिने हवेत उडी मारली. गुदगुल्या पुऱ्या होईपर्यंतही तिला दम नव्हता. ती हातातून निसटली आणि पुन्हा लपायला पळाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात बायकोच्या टाळ्या होत्या की नाही, ते त्याला दिसलं नाही.

साडू आणि ताई गाडीतून गेले. ही दोघं चालत निघाली.

"सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला.

"वर्षभर?"

"हं."

"मी ताईला सांगत होते, निरीक्षण करतात म्हणून."

"करतो की. फळीमागून."

ती हसली नाही. कोपऱ्यावर वाहनं जाऊ देण्यासाठी दोघं थांबली.

"ताई आता काय म्हणेल?" त्याने विचारलं.

"ताईचं जाऊ दे हो. भाऊजींना गप्प केलं म्हणून जाताना तिने माझा हात दाबला." रस्ता ओलांडून झाल्यावर तिने विचारलं, "सापडल्यावर ती पुन्हा का पळाली? जिंकलात ना तुम्ही?"

"मॅडम म्हणतात, खेळ संपू नये म्हणून."

"खायला काही देत नाही तिला?"

"काही नाही."

घरी पोचल्यावर किल्ली तिने काढली. कुलूप काढताना, त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "तुम्ही हसत होतात आत. मी विसरलेच होते तुमचा दात तुटलाय तो. बाजूचा."

"त्याला चार वर्षं झाली."

"तेच म्हणतेय मी."

पुढचे काही दिवस घरात पाणी, दिवा आणि गोळ्या एवढंच बोलणं झालं. ती चिडली होती असं नाही, पण कसल्या तरी विचारात होती. मध्येच विचारायची, "ती लपताना डोळे मिटते का?" तो म्हणायचा, "नाही, उघडे ठेवते." मग ती "अस्सं," म्हणून भाजी निवडत बसायची. उंदरांच्या प्रयोगात काय चालतं ते तो ओळखू शकत होता. घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता लागत नव्हता.

गुरुवारी तो संध्याकाळी घरी आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरून त्याने चपला काढल्या.

"आलो गं."

उत्तर नाही. बैठकीत पंखा चालू, खुर्चीत अर्धवट विणलेला स्वेटर. झोपायच्या खोलीत कोणी नाही. न्हाणीघराचं दार उघडं. बाजूच्यांकडे गेली असेल म्हणावं, तर स्वयंपाकघरातून गॅसचा आवाज येत होता.

तो आत गेला. पातेल्यात दूध चढत होतं. आता, इतक्या वर्षांच्या संसारात या घरात दूध उतू गेलं नव्हतं. मुलीचा पाय मुरगळला त्या दिवशीही नाही, आणि दारात आलेल्या पाहुण्याला तर ती सरळ सांगायची, "थांबा, दूध आहे गॅसवर." दुधाला कढ येईपर्यंत ती ओट्यापासून हलायची नाही. दुधाने काठ गाठला, फुगलं, थरथरलं. ती येईना.

स्टोअरकीपरने झेप घेऊन गॅस बंद केला. साय हळूहळू खाली बसली. आणि त्या शांततेत, धान्याच्या कपाटामागून, एक बांगडी किणकिणली आणि कोणीतरी ती पटकन दाबून धरली.

तो तसाच ओट्याला टेकून उभा राहिला. कपाट आणि भिंत यांच्यातली ती फट केरसुणीपुरती होती. तिथे पंचावन्न वर्षांची बाई कशी मावली असेल, आणि तिची कंबर नंतर किती दिवस धरेल, हा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने बाजूला ठेवला.

"कुठे गेली बुवा ही?" तो मोठ्याने म्हणाला, आणि बाहेरच्या गॅलरीपासून शोधायला सुरुवात केली.